ॲपवरचा स्कोअर वाढतोय, मग स्कूटर कुठे लावली ते का आठवत नाही?

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा सांगते. तुमचे वडील ६८ वर्षांचे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले, जेल रोडला राहतात. भावाने दिवाळीत त्यांच्या फोनवर मेंदूच्या व्यायामाचं ॲप टाकून दिलं, वर्षाचे पैसे भरून. वडील (मी त्यांना काका म्हणते) रोज सकाळी चहाबरोबर अर्धा तास ते खेळतात, वर पेपरातलं सुडोकूही सोडवतात. ॲपमधला आलेख चढता आहे, ‘तुमची स्मरणशक्ती सुधारली’ असा निरोपही येतो. घरात मात्र वेगळंच चाललंय. बिटको चौकात भाजीला गेले आणि स्कूटर कुठे लावली ते आठवेना म्हणून रिक्षाने परत आले. जुन्या सहकाऱ्याचं नाव ओठावर येऊन अडकलं. एकाच संध्याकाळी एकच गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, दोन्ही वेळा पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी. आता ॲपचे पैसे पुन्हा भरायची वेळ आली आहे. भाऊ म्हणतो भरू, तुम्हाला शंका आहे. आणि जाता जाता विचारलंत, तेच पैसे नऊ वर्षांच्या लेकीच्या ॲबॅकसच्या, म्हणजे मण्यांच्या पाटीवर आकडेमोड शिकवणाऱ्या, क्लासला घातले तर?

मी नाशिकमध्ये स्मरणशक्ती आणि विचारक्षमतेच्या तपासण्या करते. औषधं लिहून देणं माझं काम नाही, ते न्यूरॉलॉजिस्ट किंवा फिजिशियनचं. माझ्यासमोर माणूस तास-दीड तास बसतो आणि त्याचं नेमकं काय निसटतंय ते आम्ही दोघं मिळून शोधतो. म्हणून या प्रश्नात मला दोन प्रश्न दिसतात. ॲपने स्मरणशक्ती सुधारते का, हा एक. वडिलांचं विसरणं कुठल्या जातीचं आहे, हा दुसरा. भाऊ-बहिणीचा वाद पहिल्यावर चाललाय, पण महत्त्वाचा दुसरा आहे. तरी विचारलंत त्याच क्रमाने जाऊ.

आलेख खोटा नाही. काका त्या खेळांमध्ये खरोखर तरबेज झालेत. प्रश्न एवढाच की ती तयारी खेळाबाहेर येते का, भाजीबाजारात उपयोगी पडते का. माझ्या क्षेत्रातली सगळी भांडणं या एका मुद्द्यावर आहेत.

यावर मला सगळ्यात बोलका वाटणारा प्रयोग जुना आहे, १९८० साली प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एका साधारण बुद्धीच्या विद्यार्थ्याला आकडे पाठ करायला बसवलं. सेकंदाला एक आकडा ऐकायचा आणि संपल्यावर त्याच क्रमाने म्हणून दाखवायचा. सुरुवातीला त्याला चारचौघांसारखे सातच आकडे जमत. जवळजवळ वीस महिने, मिळून २३० तासांच्या आसपास सराव केल्यावर तो ७९ आकडे म्हणू लागला. इथे कुणालाही वाटेल की बघा, स्मरणशक्ती दसपट झाली. पण त्याला आकड्यांऐवजी अक्षरं ऐकवली तेव्हा तो पुन्हा सहाच्या आसपास येऊन थांबला. कारण त्याने वाढवली होती ती एक युक्ती. तो धावपटू होता, आकड्यांचे गट करून त्यांच्या शर्यतीच्या वेळा बनवायचा. ३४९२ ऐकलं की ‘एक मैल, ३ मिनिटं ४९.२ सेकंद, विश्वविक्रमाच्या जवळपास’ असं मनात ठेवायचा. अक्षरांना शर्यतीची वेळ कुठून आणणार? गणपतीची आरती तोंडपाठ असली म्हणून अथर्वशीर्ष आपोआप येत नाही, तसंच हे.

पुढे हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासला गेला. २०१० मध्ये बीबीसीच्या मदतीने ब्रिटनमध्ये ११,४३० जणांकडून सहा आठवडे असे खेळ करून घेतले. जे खेळ खेळले त्यांत सगळे सुधारले. जे खेळले नव्हते, पण त्याच क्षमतेवर चालणारे, अगदी जवळचे होते, त्यांतही सांगण्यासारखी सुधारणा दिसली नाही. ही माणसं १८ ते ६० वयाची होती, त्यामुळे काकांच्या वयाला हा निकाल जसाच्या तसा लावू नका. तरी दिशा कळते. २०१६ च्या जानेवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे फसव्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ल्युमॉसिटी या गाजलेल्या ॲपच्या कंपनीकडून २० लाख डॉलर घेऊन प्रकरण मिटवलं. वयाबरोबर येणारा विसराळूपणा आमचे खेळ लांबणीवर टाकतात, अशी जाहिरात कंपनी करत होती आणि त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता, हा आक्षेप होता. भावाच्या ॲपचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही आणि मला ते नकोही आहे. बहुतेकांची मांडणी सारखीच असते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ‘सगळं थोतांड आहे’ म्हणणारेही अर्धंच वाचतात. अमेरिकेतच ‘ॲक्टिव्ह’ नावाचा मोठा अभ्यास झाला. ६५ च्या पुढच्या २,८३२ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं चार गटांत वाटलं. एकाला स्मरणाच्या युक्त्या शिकवल्या, एकाला तर्काची कोडी दिली, एकाला नजरेचा वेग वाढवणारा सराव, आणि चौथ्याला काहीच नाही. पाच-सहा आठवड्यांत तास-सव्वा तासाच्या दहाच बैठका, काहींना पुढे थोडी उजळणी. दहा वर्षांनी पाहिलं तर तर्क आणि वेग यांच्या गटांत शिकवलेल्या गोष्टीचा फायदा अजून टिकून होता. स्मरणाच्या युक्त्यांचा फायदा मात्र तोवर विरून गेला होता. तिन्ही गटांतल्या लोकांनी रोजची कामं तुलनेने कमी जड जातात असं सांगितलं. पुढे २०१७ मध्ये त्याच माहितीतून असं निघालं की वेगाचा सराव केलेल्यांत डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) प्रमाण २९ टक्क्यांनी कमी होतं. पण त्या निष्कर्षातला डिमेन्शिया मुलाखती आणि चाचण्यांच्या गुणांवरून ठरवला होता, प्रत्येकाला डॉक्टरांनी तपासून नव्हे. आणि तो सराव सुडोकूसारखा अजिबात नव्हता. पडद्याच्या मधोमध क्षणभर एक वाहन चमकतं, त्याच क्षणी कडेला कुठेतरी दुसरं, आणि मध्ये काय होतं, कडेला कुठे होतं, हे दोन्ही सांगायचं. जमू लागलं की चमक आणखी छोटी होते. नाशिक-पुणे रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्याला याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं. पण नावं आठवायला त्याचा संबंध नाही.

सुडोकू आणि शब्दकोड्यांबद्दल एक मोठी गफलत आहे. कोडी सोडवणारी म्हातारी माणसं तल्लख दिसतात हे खरंय. पण तल्लख माणसंच कोडी सोडवायला बसतात, हेही तितकंच खरं. स्कॉटलंडमध्ये १९३६ साली जन्मलेल्या ४९८ जणांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यांची अकराव्या वर्षीची बुद्धिमापनाची चाचणी उपलब्ध होती, म्हणून तुलना करता आली. आयुष्यभर डोकं वापरणाऱ्यांची म्हातारपणी सुरुवात वरच्या पायरीवरून होत होती, पण उतरण्याचा वेग मात्र सारखाच होता. वरची पायरी मिळणं हे काही थोडं नाही. तरी कोडी उतरण थांबवतात असं त्यातून म्हणता येत नाही. आणखी एक गंमत म्हणजे, स्मरणशक्तीचा सौम्य त्रास आधीच सुरू झालेल्या १०७ जणांवर २०२२ मध्ये आलेल्या प्रयोगात साधी शब्दकोडी ही संगणकावरच्या खेळांपेक्षा थोडी उजवी ठरली. तिथे काहीच न करणारा गट नव्हता, म्हणून मी त्याचा डांगोरा पिटत नाही. पण फुकटचं शब्दकोडं हे पैसे भरलेल्या खेळापेक्षा वाईट नाही, एवढं बोलायला हरकत नाही.

नाशिककर इथे हमखास वेदपाठशाळेचा विषय काढतात. पंचवटीतली पोरं संहिता तोंडपाठ करतात, त्यांचा मेंदू वेगळा होतच असेल ना? याचाही अभ्यास झालाय. २०१६ मध्ये २१ यजुर्वेदी पंडितांच्या मेंदूची चित्रं तेवढ्याच इतर लोकांशी ताडून पाहिली आणि पंडितांच्या मेंदूचे काही भाग मोठे दिसले. फक्त पाठांतर सुरू करण्याआधीची चित्रं कुणाकडे नव्हती. त्यामुळे पाठांतराने मेंदू असा झाला, की असा मेंदू असलेली मुलंच पाठशाळेत टिकली, हे त्यातून सुटत नाही. आणि घनपाठ म्हणणाऱ्या गुरुजींना छत्री विसरताना मी स्वतः पाहिलंय.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: स्मरणशक्ती वाढेल म्हणून पैसे भरणार असाल तर भरू नका. काकांना खेळायला मजा येते, सकाळ बरी जाते, म्हणून भरणार असाल तर खुशाल भरा. कॅरमची पावडर आणतो तसा तो खर्च. पक्षाघातानंतर किंवा डोक्याला मार लागल्यानंतर थेरपिस्टच्या देखरेखीखाली अशी साधनं वापरतात, ती बाब निराळी. तिथे कुठली क्षमता गेली हे आधी माहीत असतं आणि सराव त्याच्यावर नेमलेला असतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ.

तुम्ही दिलेली तीन उदाहरणं मला एकाच वजनाची वाटत नाहीत. ओठावर येऊन नाव अडकणं साठीनंतर फार सर्रास होतं. माणूस कोण, कुठल्या खात्यात होता, कुठली लुना चालवायचा, सगळं आठवतं, फक्त नाव येत नाही आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर येतं. याने मी घाबरत नाही. स्कूटरचं प्रकरण बहुतेकदा लक्षाचं असतं. गाडी लावताना डोक्यात पिशवी, सुट्टे पैसे, मागून हॉर्न वाजवणारा रिक्षावाला असलं काही चालू असेल तर जागेची नोंदच होत नाही. जे शिरलंच नाही ते आठवणार कुठून? पण इथे मी एक प्रश्न विचारीन: ‘इथे लावली होती’ असं कुणी दाखवल्यावर ‘अरे हो’ झालं, की दाखवूनही ‘मी इथे लावलीच नव्हती’ म्हणाले? आणि तिसरं उदाहरण, तीच गोष्ट दोनदा, आधी सांगितल्याची पुसटशी जाणीवही नसताना, ते मात्र एकदाच घडलंय की आठवड्याला घडतंय हे मला नक्की जाणून घ्यावं लागेल.

तपासणीत हाच फरक आम्ही मुद्दाम घडवून पाहतो. समोरच्याला मी सावकाश शब्दांची एक यादी वाचून दाखवते, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी जमतील तेवढे म्हणवून घेते. मग दुसरी कामं देते, आकृत्या काढायला, आकडे उलटे म्हणायला. पंधरा-वीस मिनिटांनी अचानक विचारते, मघाचे शब्द सांगा बरं. समजा चारच आठवले. मग मी इशारा देते, ‘त्यात एक भाजी होती.’ काही जणांचा चेहरा उजळतो, ‘गिलकं!’ शब्द आत गेला होता, बाहेर यायला वेळ लागत होता. वय, झोप, चिंता, उदासी, अशा बऱ्याच कारणांनी असं होतं. आणि काही जण शांतपणे म्हणतात, ‘भाजी? नाही हो ताई, भाजी नव्हती त्यात.’ किंवा मी न वाचलेला शब्द ठामपणे सांगतात. आकडे उलटे म्हणण्यात हीच माणसं कधी कधी उत्तम असतात. हे दुसरं उत्तर आलं की मी न्यूरॉलॉजिस्टला चिठ्ठी लिहिते. ॲपचा आलेख हा फरक दाखवूच शकत नाही, कारण तिथे काल खेळलेलाच खेळ आज पुन्हा असतो, आणि सराव हा स्मरणशक्ती कमी झालेल्या माणसालाही बराच काळ साथ देतो. चढत्या आलेखाची मला भीती वाटते ती यासाठीच. घरचे निश्चिंत होतात.

घरी असली परीक्षा घेत बसू नका हं. पोरांनी बापाची परीक्षा घेतली की बाप चिडतो, आणि चिडलेल्या माणसाला काहीच आठवत नाही.

तपासणीला येण्याआधी फिजिशियनकडून काही गोष्टी पाहून घ्या, कारण विसरण्याची बरीच कारणं मेंदूच्या बाहेर असतात आणि त्यातली काही बरी होतात. बी-१२ पहिलं. शाकाहारी घर, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू, अशी जोडी आपल्याकडे घरोघरी आहे, आणि दोन्हींमुळे बी-१२ खाली जातं. थायरॉइड. रक्तातलं सोडियम, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर. झोपेत मोठ्याने घोरून मध्येच श्वास अडकत असेल तर तेही सांगा. अशा माणसाची रात्रभर झोपच होत नाही. मग गोळ्या. झोपेची गोळी, सर्दीची झोप आणणारी जुनी गोळी, नसांच्या दुखण्यासाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, यांनी म्हातारपणी डोक्यात धुकं येतं. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. काका गेल्या एक-दोन महिन्यांत स्कूटरवरून किंवा बाथरूममध्ये पडले असतील, लागलं नाही म्हणून कुणी लक्ष दिलं नसेल, तरी ते सांगाच. डोक्यात हळूहळू रक्त साचतं आणि पहिली खूण कधी कधी विसरणं हीच असते. आणि निवृत्तीनंतरची उदासी. पाळ्यांमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला सकाळी उठून कुठेच जायचं नसतं, हे घरच्यांच्या चटकन लक्षात येत नाही.

कानाबद्दल मात्र थोडं जास्त लिहिते, कारण हे मी सारखं बघते. एक आजोबा आले होते, ‘सांगितलेलं काहीच लक्षात राहत नाही’ अशी सुनेची तक्रार. यादी वाचताना माझ्या लक्षात आलं की ते माझ्या ओठांकडे बघतायत. मी कागद तोंडासमोर धरला तर त्यांचे शब्द निम्म्यावर आले. त्यांना लक्षात राहत नव्हतं असं नाही, अर्धं ऐकूच येत नव्हतं आणि ‘काय?’ म्हणायची लाज वाटायची म्हणून ते मान डोलवायचे. घरात स्वयंपाकघरातून, मिक्सर चालू असताना सांगितलेल्या निरोपांचा हिशोब त्यांच्या स्मरणशक्तीच्या नावावर लागत होता. शिवाय नीट ऐकू न येणाऱ्याची निम्मी शक्ती शब्द ओळखण्यात जाते, लक्षात ठेवायला उरत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर श्रवणयंत्राचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळे मिळून पाहिले तर तीन वर्षांत फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून जास्त धोका होता, त्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. तेव्हा काकांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. यंत्र लागलंच तर ते कपाटात राहणार नाही याची काळजी घ्या. पहिले काही आठवडे ते टोचतं, कुकरची शिट्टी कानठळ्या बसवते, आणि तिथेच निम्मे लोक सोडून देतात. ऑडिओलॉजिस्टकडे दोन-तीनदा जाऊन ते जुळवून घ्यावं लागतं.

रक्तदाबाचंही तसंच. अमेरिकेतल्या ९,००० हून जास्त जणांच्या अभ्यासात वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न केला, तेव्हा स्मरणशक्तीचा सौम्य त्रास सुरू होण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी झालं. हा निकाल २०१९ चा. डिमेन्शियाबद्दल मात्र त्यात खात्रीने सांगण्याइतका फरक आला नाही. १२० सगळ्यांना झेपतंच असं नाही, चक्कर येऊन पडणारे असतात, म्हणून आकडा डॉक्टरांनी ठरवायचा. पण ‘गोळी लागली की सवय लागते’ म्हणून दिवसाआड घेणारे काका मला दर आठवड्याला भेटतात. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाच्या धोक्याची बदलता येण्यासारखी १४ कारणं मोजली आणि जगातल्या साधारण ४५ टक्के डिमेन्शियाशी त्यांचा संबंध जोडला. त्यात कान आहेत, डोळे आहेत, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू, एकटेपण, हवेचं प्रदूषणही आहे. ‘कोडी कमी सोडवणं’ त्या यादीत नाही.

मग ॲपचा तो अर्धा तास कुठे लावायचा? चालण्यात, हे तुम्हाला अपेक्षितच असेल. २०११ च्या एका प्रयोगात १२० ज्येष्ठांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा, वाढवत वाढवत ४० मिनिटांपर्यंत भरभर चालायला लावलं. स्मरणाशी संबंधित असलेला मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग त्यांच्यात सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांत तो कमी झाला. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हे इतकं स्वच्छ दिसलं नाही. तरी चालण्याने रक्तदाब, साखर, झोप, मन, सगळ्यांचंच भलं होतं. जेल रोडवरून गोल्फ क्लबच्या मैदानावर यायची गरज नाही. सिंहस्थाच्या कामांनी खोदलेल्या रस्त्यांवर संध्याकाळी चालायला लावू नका, एवढंच; कॉलनीतल्या बागेच्या फेऱ्या पुरतात.

दुसरं म्हणजे काहीतरी नवं आणि थोडं अवघड शिकणं. टेक्सासमध्ये ६० ते ९० वयाच्या २२१ जणांवर झालेला, २०१४ ला आलेला एक प्रयोग मला फार आवडतो. काहींना तीन महिने, आठवड्याला साधारण १५ तास, डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीसारखं शिवणकाम शिकवलं. काहींना नुसतं एकत्र जमून गप्पा, सहली, ओळखीच्याच गोष्टी. स्मरणात फरक पडला तो शिकणाऱ्यांना, गप्पांच्या गटाला नाही. मेहनतही बघा ना, आठवड्याला १५ तास! चहाबरोबरच्या अर्ध्या तासाशी त्याची तुलनाच होत नाही. काकांना काय आवडतं ते तुम्हालाच माहीत. वीजकेंद्रात काम केलेला माणूस हार्मोनियम शिकेल, मोडी वाचायला शिकेल, नाहीतर सोसायटीच्या सोलरचा हिशोब अंगावर घेईल. सार्वजनिक वाचनालय आपल्याकडे १८४० पासून आहे, तिथे जाऊन नुसता पेपर चाळण्यापेक्षा एखादा विषय धरून वाचला तर जास्त बरं. येतं तेच पुन्हा करायचं नाही आणि सुरुवातीला चुकायची तयारी हवी, या दोन अटी.

जे नेमकं निसटतंय त्याचा सरावही करता येतो, आणि हा भाग ॲपवाले सांगत नाहीत कारण त्याला पैसे लागत नाहीत. समजा खालच्या मजल्यावर नवे शेजारी आलेत, गायधनी. नाव सांगितल्यावर लगेच काकांनी ते स्वतः म्हणायचं. मिनिटभराने पुन्हा आठवायचं, मग दोन मिनिटांनी, चारने, आठने, मग जेवताना, मग दुसऱ्या दिवशी चहाला. अडलं तर कोडी घालत बसू नका, लगेच सांगा आणि अंतर पुन्हा कमी करा. पुन्हा पुन्हा ऐकण्यापेक्षा स्वतः आठवून काढण्याने नाव टिकतं. डिमेन्शिया असलेल्या माणसांनाही या पद्धतीने नातसुनेचं नाव किंवा चष्म्याची जागा शिकवता येते. पण गायधनी पक्के झाले म्हणून डॉक्टरांचं नाव आपोआप पक्कं होणार नाही. ज्याचा सराव केला तेवढंच हाती येतं, म्हणून सराव उपयोगाच्या गोष्टीचाच करावा. आणि स्कूटरसाठी सराव वगैरे काही नको. स्टँड लावल्यावर मोठ्याने म्हणायचं, ‘मेडिकलसमोर, खांबाशेजारी’, किंवा सरळ फोनवर फोटो काढायचा. याला काका नाक मुरडतील. माझ्याकडचे बहुतेक मुरडतात.

लेकीच्या ॲबॅकसचं उत्तर छोटं आहे. बडोद्यातल्या एका शाळेत २०४ मुलांवर तीन वर्षं यावर काटेकोर प्रयोग झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मनातल्या मनात ॲबॅकस शिकलेल्या मुलांचं अंकगणित सुधारलं. एकूण स्मरणशक्ती, लक्ष, बुद्धी यांत बदल झाला नाही. मुलीला आकडेमोड आवडत असेल तर घाला, ‘मेंदूचा विकास’ म्हणून घालू नका. आणि कुणी ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चं पत्रक हातात दिलं, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी पोरं दाखवली, तर तिथून उठून या. मिडब्रेन, म्हणजे मेंदूचा मधला भाग, जन्मापासून चालूच असतो, डोळ्यांच्या हालचालींसारखी कामं करतो. ती मुलं नाकाशेजारच्या फटीतून खाली बघतात. पुस्तक त्यांच्या कपाळासमोर धरा, कळेल.

काही गोष्टींसाठी मात्र थांबायचं नाही. विसरणं अचानक वाढलं, दोन-तीन दिवसांत माणूस गोंधळला, दिवस-रात्र उलटसुलट झाली, बोलणं अडखळलं, चेहरा किंवा हात एका बाजूला ओढला गेला, तर तपासणीची तारीख घेत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा. तसंच रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, तीच गोळी दोनदा घेणं, बँकेच्या व्यवहारात नवीन प्रकारच्या चुका, शांत माणूस उगाच संशय घेऊ लागणं, यातलं काहीही असेल तर महिना-दोन महिने वाट पाहू नका.

नाहीतर सावकाश या, पण तयारीने या. एका वहीत गेल्या काही आठवड्यांतले प्रसंग तारखेसकट लिहा, जसे घडले तसे. ‘हल्ली फार विसरतात’ याचा मला उपयोग नाही, ‘सोमवारी गॅस चालू ठेवून बागेत गेले’ याचा आहे. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, आयुर्वेदिक आणि शेजाऱ्याने दिलेल्यासुद्धा. बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियमचे रिपोर्ट, असल्यास जुने स्कॅन. चष्मा आणि श्रवणयंत्र विसरू नका. काकांना ‘तुमचं डोकं तपासायचंय’ असं सांगून आणलंत तर ते जिना चढणार नाहीत. डोळे तपासतो तशी या वयात स्मरणशक्तीची एक नोंद करून ठेवायची, पुढे तुलनेला लागते, असं सांगा, आणि ते खरंही आहे. पहिली नोंद असली की वर्षाने पुन्हा पाहता येतं. खोलीत मी त्यांना वार, तारीख, नातवंडांची नावं विचारीन तेव्हा ते अडखळतील आणि तुमच्याकडे बघतील. तेव्हा तुम्ही उत्तर देऊ नका. तुमच्याशी मी नंतर वेगळं बोलीनच.